पणजोबांचं शिसवी डेस्क: घासून नवं करावं की आहे तसं ठेवावं?

दुसरं_रेल्वेगेट | ११ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, पण घरात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडून फोन चालू आहेत, म्हणून इथं आले.

माझं माहेर निपाणीचं. पणजोबांचं तंबाखूचं अडत दुकान होतं. दुकान केव्हाच गेलं, वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि कुणालाच नको होतं म्हणून त्यांचं गादीवर बसून लिहायचं डेस्क माझ्याकडे आलं. जेमतेम गुडघ्याएवढं. उतरतं झाकण, आत खण, उजवीकडे दोन लहान ड्रॉवर, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. वीसेक वर्षं माळ्यावर होतं. आता बेळगावात टिळकवाडीत आमच्या हॉलमध्ये खिडकीखाली ठेवलंय.

अवस्था सांगते. झाकण वरून ढगाळ झालंय, मधोमध पांढरं वर्तुळ. बाजू काळ्याकुट्ट, हात लावला की किंचित चिकटतो. झाकणाच्या खालच्या कडेला एके ठिकाणी लाकूड थोडं खोल गेलंय. आधी मला तो मार वाटला होता. मग लिहायला बसल्यासारखी बसले तर माझं मनगट बरोबर तिथं आलं. एक ड्रॉवर अडकतो. तळाला बारीक भोकं आहेत आणि खाली फरशीवर पिठासारखा भुसा पडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं मोडीत सात-आठ ओळी लिहिल्यात. घरात कुणाला वाचता येत नाहीत.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो गणपतीपर्यंत मस्त पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारून घे, आरशासारखं चकाचक कर, पैसे मी देतो. आत्या (वय ८१) म्हणते, "हात लावू नको बघ त्याला. मी त्याच्यावर बसलो म्हणून आबांचा मार खाल्लोय."

एका पॉलिशवाल्याला बोलावलं होतं. उभ्या उभ्या बघितलं त्यानं. मशीननं घासायचं, सीलर, वर पीयू, चार दिवसांत काम, साडेनऊ हजार. मोडी अक्षरांकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "ते पण साफ होतंय की मॅडम." त्याला वाटलं मी डागाची तक्रार करतेय.

काय करू?

शेवटचा_बाक | ११ जुलै, रात्री १०:३४

भावाकडून पैसे मागवा, त्याचा कुंदा (आपली बेळगावी मिठाई) घ्या, डेस्क तसंच ठेवा. पुढचा प्रश्न?

वडगावकर | ११ जुलै, रात्री ११:०५

मी भावाच्या बाजूनं. लाकूड वापरायला असतं, पूजायला नाही. आमच्या आईचं सागवानी कपाट असंच काळं पडलं होतं. घासून घेतलं, वर मेलामाइन मारलं, आज दहा वर्षं झाली, ओलं फडकं मारलं की झालं. चिकट डेस्क हॉलमध्ये ठेवून पाहुण्यांना "हे पणजोबांचं बरं का" सांगत बसायचं, याला काय अर्थ आहे? अक्षरांचा फोटो काढून ठेवा आणि घासा.

खानापूर_जंगल | १२ जुलै, सकाळी ७:१५

वडगावकर, सागवान वेगळं आणि शिसव वेगळं. आधी ते शिसवच आहे का बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि आतली, कधीच पॉलिश न लागलेली बाजू उजेडात धरा. जांभळट तपकिरी आणि त्यात काळ्या रेघा असतील तर शिसव. सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट असेल तर सागवान. शिसव सागवानापेक्षा चांगलंच जड. आमच्याकडचे कन्नड मिस्त्री त्याला बीटी म्हणतात.

भुशाचं: किडा शिसवाच्या गाभ्यात सहसा जात नाही, सागवानाच्याही नाही. तो बाहेरचा पांढरा, कच्चा भाग खातो. नाहीतर हलकं लाकूड. जुन्या डेस्कांना तळाची फळी बऱ्याचदा आंब्याची घालायचे, पैसे वाचवायला. माझा अंदाज, तुमचा भुसा तिथून येतोय. खाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर बघा. रोज नवा भुसा दिसला तर किडा जिवंत आहे. मग किड्याचं औषध इंजेक्शनच्या सुईनं एकेका भोकात सोडायचं, पंधरवड्यानं परत, आणि भोकं मेणानं बुजवायची. बुजवली की नवं भोक लगेच कळतं.

आणि पावसात पॉलिश मुळीच करू नका. चपडी (लाखेचं पॉलिश) काय, लॅकर काय, दमट हवेत मारलं की पांढरट धुकं धरतं. आत्ता इथं खानापुरात काडेपेटीतली काडी पेटेना झालीय. गणपती येऊ देत नि जाऊ देत. दिवाळीनंतर बघा.

ड्रॉवर अडकतो म्हणून आत्ता रंधा मारू नका. लाकूड फुगलंय. आज तासून बसवलात की मार्चमध्ये खुळखुळेल. सरकतो त्या पट्टीवर मेणबत्ती घासा.

हिंडलगा_रोड | १२ जुलै, सकाळी ९:४०

थोडं अवांतर. आमच्या देव्हाऱ्यावर हिरव्या ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत. खाली सागवान आहे म्हणतात. घासून काढू का?

खानापूर_जंगल | १२ जुलै, सकाळी ९:५८

कोरडं घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचे थर त्याआधीचे असणार. ती धूळ घरात उडाली तर लहान पोरांना सगळ्यात वाईट. पेंट रिमूव्हर लावून ओलं असतानाच खरवडायचं, बाहेर अंगणात, पोरं लांब ठेवून. शिसवाची धूळसुद्धा काहींच्या अंगावर खाज आणते, पण ती गोष्ट वेगळी.

पॉलिशवाल्याचा_मुलगा | १२ जुलै, दुपारी ३:३०

नाव बघून कळलंच असेल. बाबांनी शहापुरात चाळीस वर्षं पॉलिशकाम केलं. त्यामुळे जरा सविस्तर.

पहिलं, "ओरिजिनल" या शब्दाला फार घाबरू नका. आपल्याकडं शंभर वर्षं जुन्या वस्तूवर शंभर वर्षं जुनं पॉलिश क्वचितच असतं. घरात लग्न निघालं की आधी चुना, मग पॉलिश. लग्नसराईत बाबांना जेवायला वेळ मिळायचा नाही. एकेका पलंगावर त्यांनी स्वतः तीनदा हात मारलाय, त्यांच्याआधी त्यांच्या उस्तादांनी. तेव्हा "मूळ पॉलिश जपा" असं मी म्हणणार नाही.

पण ते जुने लोक घासायचे किती? नावाला. चपडीची गंमतच ही, की नवी चपडी जुनीला विरघळवून तिच्यातच मिसळते. लाखेच्या किड्यानं पळसावर, कुसुमावर, बोरीवर केलेला तो राळेचा थर. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि वाळल्यावरसुद्धा पुन्हा स्पिरिट लागलं की विरघळतो. म्हणून पुढच्या माणसाला मागच्याचं काम मोडावं लागत नाही. पीयूचं तसं नाही. ते एकदा धरलं की धरलं. पन्नास वर्षांनी कुणाला ते काढायचं झालं तर लाकडासकटच काढावं लागणार.

मशीनचा पट्टा वर्षानुवर्षांचा रंग घेऊन जातो. तो रंग लाकडाच्या वरच्या पातळ थरातच असतो. अर्धा सूत गेलं की खाली नवं लाकूड. आणि मनगटाची खोलगट जागा? मशीनला ती खड्डाच दिसते. आजूबाजूचं सगळं तिच्या पातळीला आणून ठेवेल.

आता करायचं काय, तर आधी त्याच्यावर काय आहे ते शोधा. मागे, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीनं स्पिरिटचा थेंब लावा. अर्धं मिनिट थांबून बोट टेकवा. चिकट झालं तर चपडी. काही झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा थेंब. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल तर तेलाचं वार्निश किंवा पीयूच्या जातीचं काहीतरी. क्रम उलटा करू नका, थिनर चपडीलाही खातो. आणि काडी तपकिरी झाली एवढ्यावर जाऊ नका. शिसवाचा स्वतःचा रंगही स्पिरिटमध्ये उतरतो. चिकटपणा बघा.

झाकण, बाजू, आतला खण, तिन्ही ठिकाणी वेगवेगळं बघा. मग बोलू.

घाटावरून_गोवा | १२ जुलै, रात्री ८:१२

मी थोडी जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करतो, म्हणून बाजाराचं सांगतो. विकायचं असेल तर काहीही करू नका. घेणारा येतो तो अंधारातली, धुळीतली वस्तूच मागतो. चकाचक केलेली वस्तू दिसली की त्याचा पहिला प्रश्न, आतलं लाकूड कुठलं आणि झाकायला काय होतं?

मी स्वतः शेण खाल्लंय यात. काकूचा शिसवी पलंग एका ठिकाणी दिला होता, दुकानाचं नाव घेत नाही. परत आला तो हॉटेलच्या काउंटरसारखा होऊन. डोक्याकडच्या नक्षीत वेलीची पानं होती, त्यांच्या कडा मशीननं गोल करून टाकल्या. पान आणि फूल यातला फरक कळेना. काकूनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "बरं केलास." त्यानंतर त्या पलंगावर झोपली नाही.

भाऊ उद्या डेस्क परदेशी न्यायचं म्हणाला तर तेही ऐकून ठेवा. शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो, खासगी माणसाला त्या बाहेर नेता येत नाहीत. शिवाय शिसव आणि त्याच्या जातीची लाकडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या) आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. बोटीवर चढवायच्या आधी कागद बघतात.

वडगावकर | १२ जुलै, रात्री ८:४०

म्हणजे वापरायचं नाही, विकायचं नाही, न्यायचं नाही. धूळ पुसायला तरी परवानगी आहे का?

शेवटचा_बाक | १२ जुलै, रात्री ८:४३

कोरड्या फडक्यानं. अर्ज तीन प्रतींत, कन्नडमध्ये.

दुसरं_रेल्वेगेट | २० जुलै, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं केलं. निकाल ऐका.

ड्रॉवरची आतली बाजू जांभळट, काळ्या रेघांची. शिसवच. तळाची फळी मात्र वेगळी, फिकट, हलकी. भुसा तिथूनच. काळ्या कागदावर आठवडाभर रोज पडला, म्हणजे पाहुणे अजून घरात आहेत. औषधाचा पहिला हात झालाय.

बाजूंना स्पिरिट लावलं तर चिकट. चपडी. पण झाकणावर स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं विरघळलं! म्हणजे झाकणावर लॅकर. आत्याला फोन केला तर म्हणाली, "हां, पंच्याऐंशी-शहाऐंशीला तुझ्या काकानं झाकण तेवढं करून घेतला होता, स्प्रे मारून. पैसे तेवढेच होते." म्हणजे ज्याला आम्ही पणजोबांचं झाकण म्हणून जपायला निघालो होतो, त्याच्यावरचा ढग काकांचा आहे.

बाजूंच्या काळेपणाचंही तिनंच सांगितलं. दर दिवाळीत वहीपूजन या डेस्कवर व्हायचं आणि त्याआधी आबा त्याला अळशीच्या तेलाचा हात द्यायचे. आधीचं न पुसता. पितळी पट्टीच्या कडेला नखानं खरवडलं तर लालसर काहीतरी निघालं. कुंकू असावं.

आतल्या खणाला कधी काही लावलेलंच नाही. नुसतं लाकूड आणि शाई.

पॉलिशवाल्याचा_मुलगा | २० जुलै, दुपारी १:२५

झालं तर मग. एका डेस्कचे तीन प्रश्न झाले.

आतल्या खणाला काहीच करू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडा, पाण्याचं बोट लावू नका. शाई कुठली आहे, पाण्यानं पसरते की नाही, हे बघायच्या फंदातही पडू नका.

बाजूंवर चपडीच्या वर तेलाचा आणि धुराचा थर बसलाय. अळशीचं तेल अर्धवट सुकतं, धूळ धरतं, काळं पडतं. टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून हलक्या हातानं पुसत राहा. टर्पेंटाइन चपडीला त्रास देत नाही. पण तेला-टर्पेंटाइनचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. अळशीच्या तेलाची चिंधी वाळता वाळता आपोआप तापते आणि पेट घेते. बाबांच्या कारखान्यात एकदा कचऱ्याचा डबा असाच पेटला होता. बाहेर दोरीवर सुटे सुटे वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

झाकणावरचं लॅकर काढायला माझी हरकत नाही, ते मुळातलं नाही आणि खराबही झालंय. पण थिनर आणि कापूस. पॉलिश पेपर नाही, मशीन नाही. त्यावर चपडीचे दोन-तीन पातळ हात. लिटरभर स्पिरिटला दीड-दोनशे ग्रॅम चपडी, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापसाचा बोळा, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि थांबायचं नाही. हात थांबला की बोळा तिथंच चिकटतो. बाबा मराठी चारच्या आकड्यासारखा फिरवायचे.

शहापुरात बाबांबरोबर काम केलेले एक मिस्त्री आहेत. घरी येऊन बघतील. पण दिवाळीनंतरच येतील, आत्ता बोलावलंत तर तेच शिव्या देतील.

वडगावकर | २० जुलै, दुपारी २:००

लॅकर काढायचं म्हणजे घासायचंच की शेवटी. माझं म्हणणं वेगळं काय होतं?

पॉलिशवाल्याचा_मुलगा | २० जुलै, दुपारी २:०९

मळकं धोतर धुवायचं आणि मळकं धोतर कात्रीनं कापायचं, यात जेवढा फरक आहे तेवढाच.

घाटावरून_गोवा | २० जुलै, रात्री ९:३०

ताई, एक ड्रॉवर उलटा करून स्क्रू बघा. डोक्यातली खाच मधोमध नसेल, जरा तिरकी असेल, तर हातानं पाडलेली, म्हणजे बरंच जुनं काम. अधिकाच्या खुणेचे स्क्रू दिसले तर ते नंतरच्या दुरुस्तीतले.

आंबोली_धुकं | २१ जुलै, सकाळी ८:५०

एकच सांगायचंय. ते खिडकीखालून हलवा. शिसव उन्हानं फिकं पडतं, आणि झाकणावर फुलदाणी ठेवली असेल तर एका बाजूला कायमची गोल सावली राहील. आमच्याकडे राहिलीय.

दुसरं_रेल्वेगेट | १४ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

धागा वर काढतेय. झालं एकदाचं.

मिस्त्री आले ते कार्तिकात, दुपारचे, सायकलवरून. डेस्काजवळ खाली मांडी घालून बसले. पाच-दहा मिनिटं नुसतं बोटाच्या मागच्या बाजूनं ठोकत होते. मग म्हणाले, "बीटी ऐतरी बाई. मशीन हचबेड्री." माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, पण हे समजलं: शिसव आहे, मशीन लावू नका.

सैल झालेला मागचा सांधा त्यांनी गरम पाण्याच्या फडक्यानं सोडवला. जुना सरस होता, तो विरघळून बाहेर आला. गुळाच्या काकवीसारखा, वास मात्र विचारू नका. मी पांढरा गोंद पुढं केला तर नको म्हणाले. जुन्या सरसावर तो धरत नाही, आणि पुन्हा कधी सोडवायचं झालं तर सांधा मोडावा लागतो. स्वतःच्या पिशवीतून सरसाचे खडे काढले आणि आमच्या चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून वाटीत शिजवले. पातेलं टाकलं मी.

झाकणाचं लॅकर दोन दुपारी थिनरनं निघालं, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून. पांढरं वर्तुळ त्याच्याबरोबरच गेलं, ते लॅकरमध्येच होतं. खाली मात्र एक काळा डाग निघाला, रुपयाएवढा. दौतीचा. मिस्त्री म्हणाले ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका होईल. मी थोडा विचार केला आणि राहू दे म्हटलं. वर चपडीचे तीन हात. मनगटाच्या जागी बोळा फिरताना त्यांचा हात आपोआप खाली-वर होत होता, ते बघण्यासारखं होतं.

बाजू मी स्वतः केल्या, तीन रविवार. कापूस काळा, परत काळा, मग तपकिरी, आणि मग एकदम आतून लाकूड वर आल्यासारखं दिसलं. कोपऱ्यातलं कुंकू ठेवलं. ड्रॉवर थंडीत आपोआप सरकायला लागला. तळाची फळी तीच, भोकं मेणानं भरलीत, महिनाभर नवीन एकही नाही.

भाऊ मागच्या आठवड्यात आला. बराच वेळ बघून म्हणाला, "अगं, हे अजून जुनंच दिसतंय की." मी चहा टाकायला गेले. परत आले तर साहेब खाली बसून त्या खोलगट जागेत मनगट टेकवून मोबाइल बघत होते.

मोडीच्या ओळींचा फोटो टाकलाय. कुणी वाचेल का?

जुना_दफ्तरी | १४ डिसेंबर, रात्री ९:२०

वाचलं. घराण्याचा इतिहास, गुप्तधन वगैरे अपेक्षा असेल तर आधीच माफी मागतो. धोब्याचा हिशोब आहे.

धोतरे ४, सदरे ३, पंचे २, पलंगपोस १, असं दोन खेपांचं. खाली रक्कम आण्यांत, म्हणजे १९५७ च्या आधीचं. दशमान नाणी त्या वर्षी एप्रिलात आली. शेवटच्या ओळीत "उपरणे १" आणि पुढे "आले नाही". त्याखाली दोनदा रेघ ओढलीय.

शेवटचा_बाक | १४ डिसेंबर, रात्री ९:२६

साडेनऊ हजारात हे "साफ" होणार होतं.

दुसरं_रेल्वेगेट | १४ डिसेंबर, रात्री १०:१५

आत्याला आत्ताच वाचून दाखवलं. पाच मिनिटं हसत होती. मग म्हणाली, त्या धोब्याला आबा कायम चोर म्हणायचे, आणि तो मेल्यावर मात्र त्याच्या पोराला दुकानात ठेवून घेतलं.

आंबोली_धुकं | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

छान झालं. शेवटी वरून मेण दिलंत का? प्रमाण काय घेतलं?

दुसरं_रेल्वेगेट | १५ डिसेंबर, सकाळी ११:४०

हो. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवलं, गॅस बंद करून वाटी बाहेर आणली आणि मगच टर्पेंटाइन ओतलं. अगदी पातळ लावायचं आणि अर्ध्या तासानं सुती कापडानं चोळायचं. मी पहिल्यांदा लोण्यासारखं थापलं होतं, पुसून पुसून खांदा गेला.

वडगावकर | १५ डिसेंबर, रात्री १०:५०

ते मिस्त्री कपाटं बघतात का? आमच्या कपाटाचं मेलामाइन पिवळं पडलंय आणि दाराच्या कडेला पापुद्रे सुटायला लागलेत. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. घरात कुणाला सांगितलेलं नाही अजून.